भोंग्याआधीचे तीन सेकंद

काचेची बरणी, आधी मधाची. आत तीस बटणं, कोटाची, चार भोकांची.

पाण्याचं तापमान सत्तावीस अंश. फळ्यावर खडूनं लिहिलेलं. सातावरून कुणाचं तरी ओलं बोट फिरलेलं.

बंद खोलीत, कानांवर हेडफोन लावून बसलेला तेवीस वर्षांचा ड्रायव्हर. हेडफोनमध्ये आवाज सोडलेलाच नाही. तरी तो बटण दाबतो. परत दाबतो. तिसऱ्यांदा दाबताना काचेपलीकडे बघून हसतो.

खिळ्यावर अडकवलेल्या लाल चकत्या. दोन. मग एक.

"दादा, आता आवाज आला का?" "आला असावा. तू सांग ना, आला का?"

फरशीवर ओल्या पावलांचा माग. डाव्या पायाची टाच कुठेच टेकलेली नाही.

"सॉरी मॅडम."

"असू दे."

हे शेवटचे दोन शब्द तिचे. ते तोंडातून निसटले तेव्हा दुपारचे तीन वाजून वीस मिनिटं झाली होती, आणि निसटताक्षणी तिला भर गर्दीत कुणी मुस्काटात मारल्यासारखं झालं. मारणारं कुणी नव्हतं. समोर सतरा वर्षांची एक मुलगी उभी होती, पाण्यानं निथळत, टोपी काढून हातात पिळत, ओठ निळसर. आणि आपण त्या मुलीला मोठ्या मनानं माफ करून टाकलंय, हे तिच्या ध्यानात आलं. असू दे! काय असू दे? कुणाचं असू दे? मुलगी मान खाली घालून निघून गेली. ती मात्र हातातला भोंगा घेऊन तलावाच्या काठावर तशीच उभी राहिली, आणि मग पायऱ्यांखालच्या सामानाच्या खोलीत शिरली. तिथे लेनचे दोर गुंडाळून ठेवले होते. पोहायच्या फळ्यांची चळत होती. त्या चळतीवर ती बसली. फळ्या दमट होत्या, साडी मागून ओली झाली. होऊ दे. हेही असू दे, नाही का!

तलावावरची पोरं तिला भोंगाबाई म्हणत. तोंडावर मॅडम, पाठीमागे भोंगाबाई, आणि तिला ते ठाऊक होतं, आवडतही होतं. एकोणीस वर्षं ती पोहण्याच्या शर्यती सोडत होती. काम म्हटलं तर एवढुसं. मुख्य पंच लांब शिट्टी मारतात, आठ जणी काठावरच्या उडीच्या ब्लॉकवर चढतात, मग मुख्य पंच हात लांब करतात, म्हणजे आता ह्या आठ जणी तुमच्या. तिनं मायक्रोफोनमध्ये म्हणायचं, जागा घ्या. आठ जणी वाकतात, ब्लॉकची कड धरतात, स्थिर होतात. स्थिर झाल्या की अंगठ्यानं भोंगा. त्या दोन शब्दांच्या आणि भोंग्याच्या मध्ये जे असतं त्याला नाव नाही. एक सेकंद, फार तर दीड. त्या वेळात कुणी हललं, तर बाद. पण स्थिर होणं म्हणजे काय, ते किती वेळ मागायचं, कधी पुरे म्हणायचं, हे कुठल्या पुस्तकात नाही. ते अंगठ्यात असतं. शरीर ताणून धरलेलं असतं, रबर ओढून धरावं तसं, आणि रबर किती वेळ धरायचं ह्याला मर्यादा असते. फार लवकर सोडलं तर अर्धी पोरं तयार नसतात. फार उशीर केला तर आठातली सगळ्यात ताणलेली तुटते, पाण्यात पडते, आणि नियमाप्रमाणे दोष तिचा. एकोणीस वर्षांत तिच्या अंगठ्यानं असा उशीर केला नव्हता. आज केला.

मुलींची पन्नास मीटरची अंतिम फेरी होती. पहिल्या दोघींना निवासी प्रशिक्षण केंद्रात जागा, तीन वर्षं राहणं, शिकणं, पोहणं. चौथ्या लेनमध्ये सकाळच्या फेरीतली सगळ्यात वेगवान मुलगी उभी करतात, आणि आज तिथे ती होती, जिला सगळे सुतळी म्हणत, कारण ती लांब, बारीक आणि पिळाची होती. पुढच्या वर्षी सुतळी ह्या वयोगटात बसत नव्हती. म्हणजे आजच, किंवा कधीच नाही. जागा घ्या. सात जणी स्थिर. सुतळीची डावी पोटरी थरथरत होती. डोळ्याला दिसेल न दिसेल अशी, उकळी फुटायच्या आधी पाण्याचा तळ थरथरतो तशी. ही थरथर म्हणजे हालचाल नव्हे. भोंगा वाजवता आला असता. वाजवायलाच हवा होता. पण तिच्या मनात आलं, थांबेल. एवढं थांबू दे बिचारीला. आणि भोंगाबाई थांबली. एक. दीड. दोन. पोटरी अजून थरथरतेय. अडीच. तीन. आणि सुतळी तुटली. हात सुटले, पाय ब्लॉकवर घसरले, आणि ती पाण्यात पडली. सूर मारला नाही तिनं. टेबलाच्या कडेवरून वही पडावी तशी पडली. शेजारच्या दोघीही तिच्यामागे कलंडल्या. मुख्य पंचांनी शिट्टी फुंकली, सगळ्यांना खाली उतरवलं, आधी हलली ती चौथी लेन, ती बाद म्हणून हात वर केला. वेळ मोजायचं यंत्र ह्या गोंधळात अडकलं होतं, ते पुन्हा लावायचं म्हणून सात जणींची फेरी मुलांच्या रिलेनंतर ढकलली. अर्धा तास. अर्ध्या तासात शर्यत सोडणाऱ्यानं स्वतः लिहून दिलं की चूक माझी, तर मुलगी परत लेनमध्ये. आणि पाण्यातून वर येऊन सुतळीनं पहिलं काम काय केलं असेल? ती तिच्याकडे आली. "सॉरी मॅडम, माझ्यामुळे सगळ्यांचा खोळंबा झाला."

असू दे.

दया! दयेनंच तर घात केला. तिला स्वतःच्या अंगठ्याकडे बघवेना. गेल्या कितीतरी महिन्यांत कुणावर आला नव्हता एवढा राग तिच्या कानशिलांत ठणकत होता, आणि तो कुणावर काढावा हे कळत नसल्यामुळे आणखी चढत होता. सुतळीला शिकवणाऱ्या सरांवर? सर समोर दिसतच होते, खोलीच्या उघड्या दारातून, पलीकडच्या कठड्याला टांगलेल्या आपल्या फळ्यापाशी. हा फळा सरांची करामत. हंगामाच्या सुरुवातीला आपल्या संघातल्या प्रत्येक मुलामुलीच्या नंबराखाली बारा लाल चकत्या अडकवायच्या. बारा तुमच्या, फुकट, काही न करता. मग उशीर झाला, एक काढली. सरावात हसली, एक काढली. ब्लॉकवर हलली, एक. शून्य झालं की संघाबाहेर. जिंकलं तर काय? जिंकलं तर काही नाही. जिंकण्यासाठीच तर आलाय ना तुम्ही. आता सरांनी सुतळीच्या नंबराखालच्या दोन चकत्यांतली एक काढली, खिशात टाकली आणि खिसा थोपटला.

तिनं वयाच्या सोळाव्या वर्षापर्यंत हा आवाज रोज ऐकला होता. खिशात पडलेल्या वस्तूवर बाहेरून मारलेली थाप. तिचे वडील शिंपी. दुकानात रागीट नव्हते, घरात तर मुळीच नव्हते. फार विचारी होते, आणि त्यांचा विचार असा की मारून मुलं बिघडतात. म्हणून बरण्या. दोन बरण्या, एक दादाची, एक तिची. महिन्याच्या पहिल्या तारखेला प्रत्येकीत तीस बटणं. उलट बोललं, एक बटण. दार आपटलं, एक. अभ्यासाच्या वेळी खिडकीत, एक. महिनाअखेरीला दहाच्या वर बटणं उरली तर पुढच्या महिन्यातले सगळे रविवार तलाव. तिला पोहायचं होतं, वेड्यासारखं पोहायचं होतं. स्वप्नात ती जिना उतरायची तर शेवटच्या पायऱ्या पाण्यात असायच्या. आणि दर महिन्याच्या आठ तारखेला तिची बरणी रिकामी. वडील बटण काढायचे, खिशात टाकायचे, वर थाप मारायचे आणि दुःखानं म्हणायचे, "मी नाही हं काढलं, तूच घालवलंस." हे त्यांचं वाक्य तिला अजून आठवलं की दातांखाली खडा यावा तसं होतं. बरणीत पंधरा बटणं असायची तोवर ती माणसात असायची. पाच उरली की हात गार पडायचे. एक उरलं की हातातला पेला पडायचा. पडू नये म्हणून ती तो दोन्ही हातांनी धरायची, बोटांची कांडी पांढरी होईपर्यंत धरायची, आणि म्हणूनच तो पडायचा. वडील म्हणायचे, बघ, शेवटचं होतं, तरी जपता आलं नाही तुला. जपत होते म्हणूनच, बाबा! पण हे बोललं असतं तर तेही उलट बोलणंच, आणि बरणीत तर काही शिल्लक नाही, मग पुढच्या महिन्यातलं आगाऊ. बरणी रिकामी झाली की त्या संध्याकाळी मात्र तिला गाढ झोप लागायची. दुसऱ्या दिवशी ती शहाण्यासारखी वागायची. कुणाच्या लक्षात आलं नाही ते. घालवायला काही नाही म्हटल्यावर पेले पडत नाहीत, ही साधी गोष्ट एका विचारी माणसाच्या सहा वर्षांत लक्षात येऊ नये?

कारण दादाची बरणी. दादाची बरणी महिनाअखेरीला तीसच्या तीस. वडील ती उचलून उजेडात धरायचे, हलवायचे, खुळखुळ ऐकायचे. "ह्याला जमतं, तुला का जमत नाही?" दादा खाली बघायचा. दादा प्रत्येक रविवारी तलावावर गेला, सहा वर्षं. तिथे तो काठावर बसायचा, पाय सुद्धा वर घेऊन. पाण्यात उतरलास का, हे त्याला घरी कुणी विचारलं नाही. बटणं उरली आणि तलाव मिळाला, हिशेब चुकता. आता दादा छप्पन्नचा आहे. रस्ता ओलांडताना दोन्हीकडे बघतो, परत बघतो, आणि उभाच राहतो. मागच्या वर्षी वहिनी त्याला घेऊन तिच्याकडे रुग्णालयात आली. तिथे आठवड्याचे सहा दिवस ती कान तपासते. तिथली माणसं तिला कानवाल्या ताई म्हणतात. वहिनी म्हणाली, "ह्यांना ऐकू कमी येतंय हो, वन्सं. मी दहा वेळा विचारावं तेव्हा एकदा उत्तर." तिनं दादाला बंद खोलीत बसवलं, हेडफोन लावले, हातात बटण दिलं. आवाज आला की दाब, दादा, अगदी बारीक आला तरी दाब. आणि काचेपलीकडून तिनं आवाज सोडायला सुरुवात केली. बारीक. थोडा मोठा. आणखी मोठा. दादाच्या भुवया हलत होत्या. म्हणजे ऐकू येत होतं. अंगठा बटणावर होता. दाबत नव्हता. खोलीबाहेरसुद्धा ऐकू जाईल एवढा आवाज झाला तेव्हा त्यानं दाबलं, आणि दाबल्यावर अपराध्यासारखं तिच्याकडे बघितलं. कागदावर आलेखाची रेघ खाली, पार खाली. रेघ बघून कुणीही म्हणेल, हा माणूस बहिरा. "दादा, आता आवाज आला का?" "आला असावा. तू सांग ना, आला का?" तो बहिरा नव्हता. त्याची खात्री होत नव्हती. त्या दिवशी ती त्याच्यासमोर रडली नाही. आलेख फाडून टाकला आणि दुसऱ्या यंत्रावर, ज्यात बटण दाबावं लागत नाही, त्याची तपासणी केली. कान विशीतल्या पोरासारखे.

आणि दुसरीकडे ती ड्रायव्हर पोरं. विशी-पंचविशीची. नोकरीवर रुजू व्हायच्या आधी कान तपासून आणा, नापास झालात तर जागा दुसऱ्याला, असा कागद हातात घेऊन येणारी. ही पोरं आवाज नसताना दाबतात. तिला सुरुवातीला वाटायचं, लबाडी करतात. मग कळलं, त्यांना खरंच ऐकू येतं. जागा जाईल ह्या धास्तीचाच आवाज येतो कानात, आणि अंगठा त्याला उत्तर देतो. तिनं एक युक्ती शोधली होती. दार लावायच्या आधी ती म्हणायची, "हे बघ बाळा, ही खरी तपासणी नाही. ही सरावाची. चुकलास तरी कागदावर येत नाही." पोरगा सैल व्हायचा. नेमक्या आवाजाला नेमकं दाबायचा. ती खरी तपासणी असायची, आणि तीच कागदावर जायची. असं सतरा वर्षं केलं तिनं. म्हणजे तिला माहीत होतं! हेच तर खुपत होतं. सगळ्या गावात ज्या बाईला हे माहीत असायला हवं ती बाई तिथे भोंगा धरून उभी होती, आणि थरथरणाऱ्या पोटरीला तिनं काय दिलं, तर आणखी वेळ. थरथरायला.

"काय मॅडम, अंधारात बसलात?" सर दारात आले. मोठे खेळकर गृहस्थ, गळ्यात दोन स्टॉपवॉच. "वाईट वाटून घेऊ नका हो. तुम्ही बरोबरच होतात."

"मी तीन सेकंद थांबले."

"थांबा ना! पाच थांबा. बाकीच्या सात जणी राहिल्याच ना उभ्या? हिलाच काय धाड भरली?"

"बाकीच्या सात जणींना तुमचा फळा नाही."

सर हसले. "अच्छा, म्हणजे फळ्यावर राग आहे. मॅडम, संशोधन झालंय ह्यावर. ह्या वयाला बक्षीस दाखवलं की ती उधळतात. नुकसान दाखवलं की आवरतात. वाचलंय मी."

"किती पानं वाचलीत?"

"आता पानं कोण मोजतं."

"चकत्या मोजता तसं मोजायचं."

सरांना हे लागलं, पण त्यांनी ते खिशातल्या चकतीवर थाप मारून पचवलं. "तुम्हाला मूल असतं ना मॅडम, तर कळलं असतं. ही सुतळी माझ्याकडे आली तेव्हा एक मिनिट एका जागी उभी राहत नव्हती. माकड होती माकड. आता बघा, हूं की चूं नाही. उलट आज बरं झालं. एकदा तोंडावर आपटली, आता जन्मात हलायची नाही."

तिच्या अंगाचा तिळपापड झाला. मूल असतं तर! मूल असतं तर तिनं काय बरण्या मांडल्या असत्या? पण सरांना झोडपून काढणारी चार वाक्यं जिभेवर येऊन उभी असतानाच तिच्या लक्षात आलं, की आपण इथे दहा मिनिटं बसलोय. दहा मिनिटं. चूक लिहून द्यायला दोन मिनिटं लागतात. मग कसली वाट बघतोय आपण? आणि उत्तर इतकं लाजिरवाणं होतं की तिनं ते आधी दुसरीकडे बघून ऐकलं. ह्या वर्षापासून संघटनेनं पंचांनाही गुणपत्रक लावलं होतं. प्रत्येकाला सुरुवातीला शंभर, फुकट, काही न करता. चूक झाली की वजा. सत्तरच्या खाली गेलं की भोंगा काढून घेणार आणि टॉवेल मोजायला बसवणार. दोनदा उशिरा आली आणि एकदा पावती हरवली म्हणून तिचे चौऱ्याहत्तर होते. शर्यत सोडण्यातली कबूल केलेली चूक, दहा वजा. चौसष्ट. म्हणजे संघटनेनं तिच्यासमोर बरणी ठेवली होती, आणि बावन्न वर्षांची ही बाई त्या बरणीतली चार बटणं दोन्ही हातांनी धरून फळ्यांच्या चळतीवर बसली होती. सरांवर, वडिलांवर, संशोधनावर चिडत. किती सोयीचं चिडणं!

ती उठली. साडी मागून ओली आहे हे विसरून तलावाच्या पूर्ण लांबीभर चालत गेली.

मुख्य पंच एरवी दाताचे डॉक्टर. समोरचा माणूस काही बोलला की त्याच्या डोळ्यांत न बघता तोंडात बघायची त्यांना सवय. "बोला."

"चौथ्या लेनची चूक नाही. माझी आहे. फार थांबले मी."

"किती?"

"तीन सेकंद. थोडे जास्तच."

"का पण?"

"ती थरथरत होती. थांबेल म्हणून थांबले."

डॉक्टरांनी इकडेतिकडे बघितलं आणि आवाज खाली आणला. "ताई, एकोणीस वर्षं ओळखतो मी तुम्हाला. हे बघा, हा फॉर्म. कारण एका ओळीत लिहायचंय. 'भोंगा अडकला' असं लिहा. यंत्राचा दोष, शून्य वजा. पोरगीही पोहेल, तुम्हीही राहाल. दुखणार नाही, कळणारसुद्धा नाही."

भूल द्यायच्या आधी ते रोग्याला म्हणत असतील तेच वाक्य. आणि खरंच, कुणाचं काय बिघडलं असतं? भोंगा तक्रार करायला थोडाच येणार होता. तिनं पेन उचललं. भोंगा हा शब्द मनात लिहूनही झाला. मग तिला डोळ्यांपुढे सुतळी दिसली, टोपी पिळणारी. भोंगा अडकला, तर सुतळीला काय कळणार? की ह्या वेळी नशीब, यंत्र बिघडलं होतं म्हणून वाचलीस. पोटरी मात्र तुझीच. जन्मभर ती त्या पोटरीला शिव्या देणार. कुणीतरी, कुणातरी मोठ्या माणसानं, एकदा तरी तिला सांगायला हवं होतं की मी चुकले. दादाला कुणी सांगितलं नाही. तिला स्वतःला कुणी सांगितलं नाही; वडील गेले तेव्हा दोन्ही बरण्या दुकानातल्या फळीवर होत्या, पुसलेल्या. तिनं लिहिलं, शर्यत सोडणारीनं मुलींना गरजेपेक्षा जास्त वेळ अडकवून ठेवलं. सही केली. डॉक्टर म्हणाले, "काढलीत शेवटी दाढ," आणि शिक्का मारला. भोंगा त्यांनीच तिच्या हातातून हळूच घेतला आणि बदली म्हणून आलेल्या तरुण पंचाकडे दिला. हात एकदम हलका झाला, इतका की तो आपोआप थोडा वर गेला.

दोनच मिनिटांत ध्वनिक्षेपकावर आवाज आला, तांत्रिक कारणामुळे चौथ्या लेनला पुन्हा संधी देण्यात येत आहे. तांत्रिक! तिनं कपाळावर हात मारला. एका ओळीत एवढं सरळ लिहून दिलं, तर त्याचं ह्यांनी तांत्रिक करून टाकलं. ती सुतळीला शोधत निघाली. सुतळी कपडे बदलायच्या खोलीबाहेर भिंतीला टेकून उभी होती, टॉवेल खांद्यावर, डावी टाच उचललेली.

"ऐक बाळा. तांत्रिक-बिंत्रिक काही नाही. मी चुकले. मी भोंगा वेळेवर वाजवायला हवा होता, वाजवला नाही. कुणीही पडलं असतं."

"नाही मॅडम, माझा पाय हलला."

"हलला नाही, थरथरला. थरथरलेला चालतो. नियमात चालतो."

"सर म्हणतात, हलला म्हणजे हलला."

"सरांना मी बघते. तू फक्त एवढं ध्यानात ठेव, ती चूक माझी होती. म्हण बरं माझ्यासमोर. चूक मॅडमची होती."

सुतळी हसली, मोठी माणसं खुळ्यासारखी वागायला लागली की मुलं हसतात तशी, सांभाळून घेत. "असू दे ना मॅडम," ती म्हणाली.

आपलेच शब्द असे धुऊन-पुसून परत मिळाले. ती वळली ती थेट फळ्यापाशी गेली. सर तिथेच होते.

"चकती परत लावा."

"कुठली?"

"खिशातली. ती तिनं घालवलेली नाही. मी लिहून दिलंय."

"मॅडम, शर्यत परत मिळते, चकती परत मिळत नाही," सर समजुतीनं म्हणाले. "एकदा परत लावली की मग त्या फळ्याला काय अर्थ राहिला? आणि एक आहे की अजून. एकच आहे म्हणून जपेल. बघाच तुम्ही."

तिनं सरांच्या खिशात हात घातला. सगळ्यांदेखत, बावन्न वर्षांच्या बाईनं. सर "अहो, अहो" करत मागे सरकले, एक स्टॉपवॉच कठड्यावर आपटलं, रिलेतली पोरं खो खो हसली, "भोंगाबाई, धरा सरांना!" असं कुणीतरी ओरडलं. चकती तिच्या हाताला लागलीही. पण मुख्य पंचांची लांब शिट्टी झाली आणि आठ मुली ब्लॉकवर चढल्या. चकती अडकवायला तिनं फळ्याकडे हात नेला, आणि तेव्हा तिला दिसलं की सुतळी चौथ्या ब्लॉकवरून तिकडेच बघतेय. तिच्याकडे बघत नव्हती. सरांकडे नव्हती. फळ्याकडे, आपल्या नंबराखालच्या त्या एका चकतीकडे. आपला हात मध्ये आल्यामुळे तिला ती दिसेनाशी झालीय हे कळून भोंगाबाईनं हात चटकन मागे घेतला.

जागा घ्या, तरुण पंच म्हणाला. चांगला आवाज होता त्याचा. आठ जणी वाकल्या. तिनं सुतळीची पोटरी बघितली. थरथर नव्हती. काहीच नव्हतं. भिंतीवरच्या खिळ्यासारखी स्थिर. कठड्यापाशी सर हळूच म्हणाले, "बघितलंत?" एक सेकंद. तरुण पंचाचा अंगठा अगदी अचूक. भोंगा वाजला, आणि सात जणी हवेत गेल्या.

सुतळी हलली नाही.

फार वेळ नाही. बसलेल्या लोकांपैकी निम्म्यांना तर ते कळलंही नसेल. पण भोंगाबाईनं सतरा वर्षं काचेपलीकडे बसून अंगठे बघितले होते, आणि ती जागच्या जागी ओरडली, "वाजलाय! बाळा, वाजलाय!" सुतळीच्या भुवया वर गेल्या होत्या. तिला ऐकू आलं होतं. ती ब्लॉकच्या कडेला बोटं रुतवून, मान किंचित तिरकी करून, खात्री करून घेत होती. मग ती उडाली. सुंदर उडाली. पन्नास मीटरमध्ये भरून निघत नाही एवढं अंतर तिनं जवळजवळ भरून काढलं आणि पाचवी आली. पाण्यातून वर येऊन तिनं काठ धरला आणि पहिल्यांदा फळ्याकडे बघितलं. चकती होती. तिचा जीव भांड्यात पडलेला भोंगाबाईला तिथून, पंचवीस पावलांवरून, स्पष्ट दिसला.

"पाचवी आली, पण शिस्त बघा," सर म्हणाले.

तिच्या मुठीत दुसरी चकती होती, कडेनं तळहातात रुतलेली. ओरडायचं होतं तिला, पण तलावावर टाळ्या वाजत होत्या, पहिल्या दोघी एकमेकींच्या गळ्यात पडून रडत होत्या, तरुण पंच पुढच्या फेरीचा कागद बघत होता. सगळं नियमाप्रमाणे चाललं होतं. ती टॉवेलांच्या टेबलापाशी जाऊन बसली. टॉवेल मोजायला घेतले.

सुतळी सगळ्यात वेगवान ठरली त्या सकाळच्या फेरीच्या वेळी सर फळा घरी विसरून आले होते. तो त्यांनी दुपारच्या सुट्टीत आणवला.